वणव्याचं ट्रेनिंग गावात लावायचं असन तर: कोणाला सोबत घ्यायचं अन् पास कोणाला म्हणायचं

एक दिवसाचं शिबिर, सकाळी तर्री-पोहे, मग साहेबांचं भाषण, दुपारी मैदानात पालापाचोळा पेटवून एक डेमो, शेवटी ग्रुप फोटो अन् सर्टिफिकेट. आपल्याकडे नागपूर भागात वणवा विझवायचं ट्रेनिंग म्हणून बरेचदा एवढंच होते, अन् मार्चमध्ये तोच पोरगा चप्पल घालून, टेरिकॉटच्या शर्टात, हिरवी फांदी हातात घेऊन आगीच्या तोंडाशी उभा दिसतो. सर्टिफिकेट आहे त्याच्याजवळ, पण त्याला काय जमते हे कोणीच तपासलं नाही. हे लिहून राहिलो ते ज्यांना आपल्या गावात, वन समितीत किंवा निसर्ग मंडळात हे काम नीट लावायचं आहे त्यांच्यासाठी, अन् माझं म्हणणं एकच आहे: शिकवणारे पाच ठिकाणचे असले तरी चालते, मोजपट्टी एकच पाहिजे, अन् ती वनमजूर, अंगारी (आगीवर नजर ठेवायला हंगामापुरते लावलेले मजूर), शहरातून आलेला व्हॉलंटिअर, सगळ्यांना सारखीच लावायची.

पहिले तारखा पाहा. आपल्याकडे आगीचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून धरतात, म्हणजे फेब्रुवारीत ट्रेनिंग ठेवणं म्हणजे उशीर झाला. दिवाळी झाली की पत्रव्यवहार सुरू करा, डिसेंबर-जानेवारीत वर्ग घ्या, कारण त्याच दिवसात जाळरेषा (आग पुढं सरकू नये म्हणून आधीच मोकळा केलेला पट्टा) साफ करून जाळायचं काम चालू असते अन् त्याच्यापेक्षा चांगला लाईव्ह वर्ग तुम्हाला कुठंच भेटणार नाही. हवा थंड, गवत अजून पूर्ण वाळलेलं नाही, माणसं हजर, परवानगीचा प्रश्न नाही कारण ते काम वनविभागच करून राहिला असतो. मैदानात पाला पेटवून डेमो करण्यापेक्षा पोरांना दोन दिवस तिथं उभं करा.

जंगल कोणाचं हे पहिले विचारा

हे ऐकायला सोपं वाटते पण इथंच गाडी अडते. रस्त्याच्या एका बाजूला प्रादेशिक वनविभाग, दुसऱ्या बाजूला वनविकास महामंडळ म्हणजे एफडीसीएम, थोडं पुढं गेलं की पेंच किंवा उमरेड-पवनी-करांडल्याची वन्यजीव हद्द, मधात कुठं महसूलचं झुडपी जंगल, कुठं गावाच्या सामूहिक वनहक्काचा पट्टा. आगीला कक्ष क्रमांक (वनविभागानं जंगलाच्या तुकड्याला दिलेला नंबर) वाचता येत नाही, पण कागदाला येतो. म्हणून ज्या ज्या हद्दी तुमच्या गावाला लागतात त्या सगळ्यांचे आरएफओ म्हणजे वनपरिक्षेत्र अधिकारी एका टेबलावर आणा, एकाच्या परवानगीवर दुसऱ्याच्या जंगलात पोरं घेऊन जाऊ नका. अभयारण्यात तर परवानगीशिवाय आत जाणंच गुन्हा आहे, आग विझवायला गेलो होतो साहेब हे तिथं चालत नाही.

कायद्याची एक बाजू आपल्या कामाचीही आहे. भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम ७९ प्रमाणे ज्यांना जंगलात हक्क आहेत किंवा तिथून माल काढायची परवानगी आहे त्यांनी आगीची खबर देणं अन् विझवायला मदत करणं बंधनकारक आहे. म्हणजे तेंदूचा ठेकेदारही त्यात आला. त्याला बैठकीला बोलवायला संकोच करू नका, उलट त्याच्या फडावरच्या मुन्शीला पहिल्या बाकावर बसवा.

सोबत कोण कोण

नागपूरचं नशीब असं की यातली अर्धी मंडळी एकाच शहरात बसतात. राज्याच्या वनविभागाचं मुख्यालय, वनभवन, इथं. एफडीसीएमचं मुख्यालय इथं. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५६ मध्ये रामपूरला सुरू झालं अन् १९५७ पासून नागपुरात आहे, देशभरातले फायर ऑफिसर तिथं घडतात. एनडीआरएफची, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची, अकादमी इथं. अन् वनकर्मचाऱ्यांसाठी चंद्रपूरची वन अकादमी तीन-साडेतीन तासांवर. तरी ह्या सगळ्यांना एकाच गोष्टीसाठी बोलवू नका, प्रत्येकाकडून जे त्याचं आहे तेच घ्या.

फायर कॉलेज किंवा महापालिकेचं अग्निशमन दल हे इमारतीच्या, कारखान्याच्या आगीत तरबेज. आग जळते कशी, धुरात माणूस का पडतो, पेट्रोलची कॅन कशी हाताळायची, भाजलेल्याला पहिल्या दहा मिनिटात काय करायचं, हे त्यांच्याकडूनच शिका. पण बंब जंगलात जात नाही, पाइप जात नाही, जंगलात पाणीच नसते, त्यामुळे आग तोडायची कशी हे मात्र त्यांच्याकडून शिकायचं नसते. ते वनपाल, वनरक्षक अन् जुने मजूर शिकवतील. खरं सांगतो, ज्या बाबानं वीस-पंचवीस उन्हाळे जाळरेषा जाळल्या त्याच्यासमोर आपण स्लाइड घेऊन उभं राहायचं नाही, त्यालाच मानधन देऊन ट्रेनर करायचं, फक्त त्याला आधी सांगायचं की काऊन ते पण सांगत जा, नुसतं असं करा म्हणू नका.

एनडीआरएफवाल्यांकडून जखमीला उचलणं, स्ट्रेचर बनवणं अन् घटना प्रतिसाद यंत्रणा, ती आयआरएस म्हणतात ती, म्हणजे जागेवर एकच प्रमुख, बाकी सगळे त्याच्या हाताखाली. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची (एनडीएमए) आयआरएसची मार्गदर्शिका २०१० ची आहे, अख्खी वाचायची गरज नाही, एकच प्रमुख अन् एका माणसाच्या हाताखाली साधारण पाचच माणसं एवढं डोक्यात बसलं तरी पुष्कळ. कलेक्टर ऑफिसातल्या जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाला पत्र द्या, आपदा मित्र योजनेतले शिकलेले व्हॉलंटिअर त्यांच्या यादीत असतात, त्यांना पुन्हा पहिलीपासून शिकवायची गरज पडत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर तर पाहिजेतच, ते काऊन ते खाली येते.

अन् ग्रामसभा. सगळ्यात शेवटी लिहिलं पण पहिले तिथं जा. पोरं तिथून येतात अन् बरेचदा आगही तिथूनच येते. मोहाच्या झाडाखाली फुलं दिसावी म्हणून पाला पेटवतात, तेंदूला नवी पालवी चांगली फुटते म्हणून पेटवतात, शेताचा धुरा जाळताना आग तिकडं जाते. मोहाखाली पाला झाडून बाजूला करणं किंवा जुन्या साड्या, जाळी अंथरणं हे ज्या बायका रोज फुलं वेचतात त्यांच्याशी बसून ठरवा, त्यांना भाषण देऊ नका. वणवा न लागू देणारी टोळी ही विझवणाऱ्या टोळीपेक्षा कमी दर्जाची नाही, तिचीही नोंद त्याच रजिस्टरमध्ये करायची.

एक पानी सहमतीपत्र

लांबलचक एमओयू करायला गेलात तर तो जूनपर्यंत कोणाच्या तरी टेबलावर पडून राहतो. एका पानावर लिहा: आगीच्या जागी प्रमुख कोण (वनविभागाचा जो सगळ्यात वरचा माणूस तिथं हजर असेल तो, सरपंच नाही, पत्रकार नाही, संस्थेचा अध्यक्ष तर अजिबात नाही), गावातून किती माणसं, अवजारं कोणाची अन् तुटली तर कोण देणार, मजुरी कधी भेटणार, विमा कोण काढणार, जखमी झाला तर गाडी कोणाची अन् कोणत्या दवाखान्यात, ट्रेनिंगचं रजिस्टर कोणाकडं. विम्याची ओळ रिकामी असेल तर सही करू नका. "पाहू, करून देऊ" हे चालत नाही. पोरगा भाजला तर त्याच्या घरचे तुमच्याच दारात येणार आहेत, अन् यायलाच पाहिजे.

मोजपट्टी कुठून आणायची

शून्यातून बनवायची गरज नाही. अमेरिकेत हाच घोळ होता, वनखातं वेगळं, राष्ट्रीय उद्यानवाले वेगळे, राज्यांचे वेगळे, प्रत्येकाचं शिकवणं वेगळं, अन् मोठ्या आगीवर सगळे एकत्र आले की कोणाला काय येते हे कोणालाच माहीत नाही. १९७६ मध्ये त्यांनी नॅशनल वाइल्डफायर कोऑर्डिनेटिंग ग्रुप बनवला, एनडब्ल्यूसीजी म्हणतात, अन् ठरवलं की कोणत्याही खात्याचा माणूस असो, नवीन माणसाचे मूलभूत कोर्स तेच: एस-१३० म्हणजे आगीवरचं काम, एस-१९० म्हणजे आग वागते कशी, अन् एल-१८० म्हणजे माणूस दडपणाखाली कसा वागतो, टोळीत कसं बोलायचं. त्याच्यावर दरवर्षी उजळणी, आरटी-१३०. ती नाही केली तर त्या वर्षी लाईनवर, म्हणजे प्रत्यक्ष आग तोडायला, नाही. त्यांचं बरंचसं साहित्य इंटरनेटवर फुकट आहे, इंग्रजीत आहे पण चित्रं भरपूर आहेत.

त्यातली मला सगळ्यात कामाची वाटते ती टास्क बुक. छोटी वही, त्यात त्या पदाची कामं लिहिलेली, अन् प्रत्येक काम तू करून दाखवलं हे पाहणाऱ्यानं सही करायची. वर्गात बसल्याबद्दल सही नाही. सगळी कामं झाली की कार्ड, त्याला ते रेड कार्ड म्हणतात. आपण गावासाठी अशी वही आठ पानांची करू शकतो, झेरॉक्सच्या दुकानात स्टेपल मारून घ्या, बस झालं.

पायऱ्या तीन ठेवा. पहिली, मदतनीस: आगीजवळ जायचं नाही, पाणी, फोन, रस्ता, जाळरेषेची साफसफाई. दुसरी, लाईनवरचा: प्रत्यक्ष आग तोडणारा. तिसरी, टोळीप्रमुख: किमान दोन हंगाम दुसऱ्या पायरीवर काढलेला. वय १८ च्या खाली असेल तर पहिल्याही पायरीवर नाही, कितीही हट्ट केला तरी.

अंगमेहनतीची परीक्षाही तयार आहे. अमेरिकेत लाईनवरच्या माणसाला ४५ पौंड म्हणजे साधारण २० किलो वजन पाठीवर घेऊन ३ मैल, म्हणजे ४.८ किमी, ४५ मिनिटात चालावं लागते, सपाट रस्त्यावर, पळायचं नाही. मधली परीक्षा ११ किलो घेऊन ३.२ किमी ३० मिनिटात, अन् हलकी म्हणजे वजनाशिवाय १.६ किमी १६ मिनिटात. मदतनीसाला हलकी, लाईनवाल्याला मधली नाहीतर वरची, वनविभागाशी बोलून ठरवा पण एकदा ठरलं की कोणासाठी सूट नाही. ही परीक्षा जानेवारीत सकाळी सहा-साडेसहाला घ्या, नागपूरच्या उन्हात एप्रिलमध्ये घ्याल तर परीक्षेतच माणूस जाईल. अन् आधी आरोग्य केंद्रात बीपी, शुगर अन् सिकलसेलची (रक्ताचा आनुवंशिक आजार) तपासणी. पूर्व विदर्भात सिकलसेल किती आहे हे इथल्या डॉक्टरांना विचारा, उष्णता, धाप अन् पाणी कमी पडणं हे तिन्ही एकत्र आलं तर अशा माणसाला जिवावर बेतू शकते. नुसता वाहक असला तरी डॉक्टरांचा सल्ला घेतल्याशिवाय लाईनवर नाही. त्याला वायरलेस, नकाशा, रजिस्टर द्या, ते काम कमी नाही.

शिकवायचं काय

पुस्तकी यादी करत नाही, जे चुकलं की माणूस मरतो तेवढं सांगतो.

आगीच्या तोंडासमोर उभं राहायचं नाही. शेपटाकडून, म्हणजे जिथून आग निघून गेली तिथून, एखादा पक्का धागा पकडायचा, रस्ता, नाला, जळून गेलेली जागा, अन् तिथून दोन्ही बाजूंनी आग चिमटत पुढं जायचं. एक पाय नेहमी काळ्यात, जळलेल्या भागात. चढावर आग वर धावते, साधारण हिशोब असा की दर १० अंश चढाला वेग दुप्पट, त्यामुळे रामटेकच्या टेकड्या असो की मेळघाट, उतारावर आगीच्या वरच्या बाजूला कामच करायचं नाही. ज्वाळेची उंची पाहायची. हातातल्या अवजारांनी थेट भिडायची मर्यादा ४ फूट मानतात, नवीन पोरांना मी तर म्हणतो कमरेच्या वर गेली की मागं हटा अन् पुढच्या जाळरेषेवर थांबा.

मग चार गोष्टी, ज्या अमेरिकेतल्या वनखात्याचा पॉल ग्लीसन यानं १९९१ मध्ये एका सूत्रात बसवल्या: पहारा, संपर्क, सुटकेची वाट, सुरक्षित जागा. एक माणूस फक्त आग अन् हवा पाहणार, त्याच्या हातात अवजार नाही. त्याचा अन् टोळीचा संपर्क चालू, मोबाईलला रेंज नसेल तर शिट्टी ठरवून ठेवा. पळायच्या वाटा दोन. अन् वाट जिथं संपते ती जागा खरंच सुरक्षित आहे का हे आधी जाऊन पाहायचं. इथं आपल्याकडचे लोक फसतात: कापणी झालेला गव्हाचा वावर मोकळा दिसते म्हणून सुरक्षित नाही, त्यातले धांडे पेटतात. नांगरलेलं वावर चालते, नाल्याची रेती चालते, तलावाचं उघडं पात्र चालते, पूर्ण जळालेला काळा पट्टा चालते. तिकडच्या लोकांजवळ शेवटचा उपाय म्हणून अंगावर ओढायचा फायर शेल्टर असतो, आपल्याजवळ तो नाही, म्हणून आपली वाट त्यांच्यापेक्षा पक्की पाहिजे.

हे काही कागदी भय नाही. ११ मार्च २०१८ ला तमिळनाडूत कुरंगणीला ट्रेकिंगला गेलेले २० हून जास्त लोक वणव्यात मेले. ८ एप्रिल २०२१ ला आपल्या नवेगाव-नागझिऱ्यात आग विझवता विझवता वनमजुरांचे जीव गेले, अन् ते तर रोज जंगलात राहणारे लोक होते.

आपल्या जंगलाचे काही धोके तिकडच्या पुस्तकात सापडणार नाहीत, ते स्थानिक माणसाकडून वहीत टाका. धूर लागला की आग्या मोहोळ उठते, मग आगीपेक्षा तेच जास्त पळवते. बांबूचं बेट पेटलं की फटाफट फुटते अन् ठिणग्या लांब उडतात. पोकळ झाड आतून जळत राहते, वर काहीच दिसत नाही, अन् दोन तासांनी कोणाच्या तरी अंगावर येते. अस्वल, वाघ, रानडुक्कर तुमच्यासारखेच पळून राहिले असतात, म्हणून एकटं कोणीच नाही, लघवीलाही दोघं जा.

अवजारात सध्या ब्लोअरचीच (हवेच्या झोतानं पाला उडवायचं यंत्र) चलती आहे, अन् सागाच्या सुक्या पानाला त्याच्यासारखं काही नाही, पण शिकवल्याशिवाय हातात दिला तर तो आग विझवत नाही, पसरवते. वारा जळलेल्या बाजूकडं मारायचा, न जळलेल्याकडं नाही. इंजिन थंड झाल्याशिवाय पेट्रोल टाकायचं नाही, अन् टाकायचं ते आगीपासून लांब, काळ्यात. फवारणीचा पंप पाणी मारायला आणतात, ठीक आहे, पण त्यात काल कीटकनाशक होतं का हे विचारा, तसा पंप असेल तर आणायचाच नाही, नवीन घ्या नाहीतर पाण्याविना काम करा. कपडे सुती, पूर्ण बाह्यांचे, चामड्याचा बूट. पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटते, प्लास्टिकचे गमबूट पण तसेच. अन् तोंडाला ओला दुपट्टा बांधला म्हणजे धुरापासून वाचलो असं समजू नका, कार्बन मोनॉक्साईड त्यातून आरामात जातो. डोकं दुखायला लागलं, बोलणं अडखळलं की त्या माणसाला बाहेर काढा.

परीक्षा अन् रजिस्टर

लेखी पेपर नको, अर्धे लोक तिथंच घाबरतात. करून दाखवायला लावा. चौघांच्या टोळीनं पालापाचोळा पूर्ण काढून माती दिसेल अशी पट्टी करायची, नंतर कोणीतरी हातानं तपासायचं की मुळ्या-काड्या राहिल्या का. फोनवर खबर द्यायला लावा: कक्ष क्रमांक किंवा ओळखीची खूण, वारा कोणीकडं, ज्वाळा किती, सोबत किती जण. आणि काम चालू असताना मधातच, न सांगता, कोणालाही विचारायचं, "आत्ता पळायचं झालं तर कुठं?" विचार करत बसला तर नापास. बोट दाखवलं पाहिजे, ताबडतोब. नापास झाल्यावर पुढच्या आठवड्यात पुन्हा, लाज नाही, पण तोपर्यंत पहिल्याच पायरीवर. सरपंचाचा पुतण्या असला तरी. अन् सही करणारा माणूस शिकवणाऱ्यापेक्षा वेगळा ठेवा, स्वतःच्या विद्यार्थ्याला कोण नापास करते.

रजिस्टरमध्ये नाव, जन्मवर्ष, रक्तगट, घरचा नंबर, पायरी, परीक्षेची तारीख, सही कोणाची, अन् वैधता पुढच्या फेब्रुवारीपर्यंत. दोन प्रती, एक वनपरिक्षेत्र कार्यालयात, एक ग्रामपंचायतीत. आरएफओंची बदली होते, समितीचा अध्यक्ष बदलतो, पण वही राहते तर नवीन साहेबाला पहिल्याच दिवशी कळते की ह्या गावात लाईनवर जाऊ शकणारी माणसं कोण.

पैशाचं थोडक्यात. केंद्राची वणवा प्रतिबंध अन् व्यवस्थापन योजना आहे, त्यात केंद्र-राज्य ६०:४० असा वाटा असतो, बफरमधल्या (व्याघ्र प्रकल्पाच्या भोवतालच्या पट्ट्यातल्या) गावांना श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना आहे, अन् वेकोलि (कोळसा), मॉइल (मँगनीज) सारख्या कंपन्यांची मुख्यालयं नागपुरात आहेत तर सीएसआरसाठी अर्ज करून पाहा. अर्जात शिबिराचा मांडव अन् टी-शर्ट टाकू नका. बूट, विमा अन् पाण्याच्या कॅन टाका.

हंगाम लागल्यावर

डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या साइटवर नोंदणी करा, तुमच्या भागात उपग्रहाला आग दिसली की एसएमएस येते. एक सेन्सर १ किमीच्या चौकोनात पाहतो, दुसरा ३७५ मीटरच्या, त्यामुळे आलेला बिंदू म्हणजे आगीची अगदी बरोबर जागा नाही, आसपास शोधावी लागते, अन् छोटी, लवकर विझलेली आग कधी कधी दिसतच नाही. पहिले दोन-चार मेसेज सराव म्हणून वापरा: मेसेज किती वाजता, पहिला माणूस पोचला किती वाजता, वनरक्षकाला कळलं कधी. तुम्हाला आधी दिसली तर वनविभागाचा १९२६ टोल फ्री आहे, तिथं सांगा अन् मगच निघा.

प्रत्येक आगीनंतर, त्याच रात्री नाही, तेव्हा सगळे थकून गेलेले असतात, पण दोन दिवसाच्या आत बसा. ठरवलं काय होतं, झालं काय, फरक का पडला, पुढच्या वेळी काय बदलायचं, एवढे चार प्रश्न, अन् साहेबांनी शेवटी बोलायचं. जे निघेल ते वहीत लिहा. जूनमध्ये पाऊस लागला की सगळ्या भागीदारांची एक बैठक ठेवा, त्याच वहीवरून परीक्षेत काय वाढवायचं, काय काढायचं ते ठरवा, कोणाच्या सहमतीपत्रातली कोणती ओळ पाळली गेली नाही ते तोंडावर विचारा, अन् दिवाळीनंतरच्या पत्राचा मसुदा तिथंच करून घ्या, कारण एकदा धानाची रोवणी सुरू झाली की कोणी बैठकीला येत नाही.